नाताळचं ‘खरं मूळ’ कसं फॉरवर्ड करावं

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला, की सोसायटीच्या ग्रुपवर नाताळचं ‘खरं मूळ’ सांगणारा कुणीतरी लागतोच. या वर्षी तो मान तुम्ही घ्या. सुरुवात ‘किती जणांना माहीत आहे?’ अशी करा आणि उत्तरासाठी थांबू नका.

पहिला घाव तारखेवर. येशूची जन्मकथा मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत आहे आणि तारीख दोघांनीही दिलेली नाही. हे खरं आहे, म्हणून ठळक अक्षरांत टाका. पुढे खऱ्याची फारशी गरज पडणार नाही. लगेच रोम गाठा: ‘25 डिसेंबर हा मुळात सूर्यदेवाचा सण, चर्चने पळवला.’ सोल इन्व्हिक्टस, म्हणजे ‘अजिंक्य सूर्य’, हे नाव घालाच. ऑरेलियन बादशहाने 274 साली त्याचं देऊळ बांधलं, हेही जोडा. आणि तिथेच थांबा.

कारण पुढे एक वही आडवी येते. रोममधलं 354 सालचं पंचांगवजा बाड. त्यात 25 डिसेंबरपुढे ‘एन. इन्व्हिक्टी’ एवढंच: अजिंक्याचा जन्मदिन, रथांच्या 30 शर्यती. सूर्याचं नावही नाही, ते आपण समजून घ्यायचं. त्याच बाडात, हुतात्म्यांच्या यादीच्या अगदी वर, त्याच तारखेला बेथलेहेमात ख्रिस्त जन्मल्याची नोंद. ज्यांवर वाद नाही अशा, दोन्हीकडच्या सगळ्यात जुन्या नोंदी याच. चोर आणि मालक एकाच वहीत सापडल्यावर पंचनामा कसला करणार? वहीचं नावच काढू नका.

सॅटर्नेलिया हा रोमनांचा सॅटर्न देवाचा सणही जोडा. तो 17 ते 23 डिसेंबर चालायचा. दोन दिवस कमी पडतात, पण ‘सुमारास’ हा शब्द कशासाठी आहे?

कुणी 25 मार्चचा विषय काढला तर मात्र ताबडतोब सुविचार टाका. ख्रिस्त 25 मार्चला मातेच्या उदरात आला आणि त्याच तारखेला क्रूसावर गेला, ही जुनी समजूत ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने नोंदवून ठेवली आहे. त्यात नऊ महिने मिळवा: 25 डिसेंबर, तेही सूर्यदेवाला न विचारता. हाही अंदाजच, पण तो बोटांवर मोजून तपासता येतो, आणि तपासता येणारी गोष्ट फॉरवर्डला मारक असते.

‘रशियात 7 जानेवारीला नाताळ, म्हणजे त्यांच्यातच एकमत नाही,’ हेही ठोकून द्या. तेसुद्धा 25 डिसेंबरच पाळतात, फक्त 13 दिवस मागे चालणाऱ्या ज्युलियन पंचांगाने, हा तपशील गाळा. सांताचा लाल झगा कोका-कोलाने शिवला, हे तर हवंच. कंपनीच्या त्या प्रसिद्ध जाहिराती 1931 पासूनच्या, आणि अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्टची लाल झग्यातल्या सांताची चित्रं एकोणिसाव्या शतकातली. असू द्या.

शेवटी भाषाशास्त्र. ‘ज्याला ताळ नाही तो नाताळ’ ही फोड हमखास चालते. शब्द पोर्तुगीज ‘नताल’मधून आला, त्याच्या मुळाशी जन्माशी संबंधित लॅटिन ‘नातालिस’ आणि वहीतला तो ‘एन’ही तोच, हे कळलं तर लोक पुन्हा वहीकडे वळतील.

ग्रुपवरचा एखादा गोवेकर ख्रिस्ती शांतपणे लिहील, ‘तारीख नंतर ठरली हे आम्हालाही ठाऊक आहे. आमचा सण देव माणूस झाला याचा.’ त्याला अंगठा दाखवा आणि विषय बदला. संध्याकाळी त्याच्याकडून नेवऱ्यांचं ताट येईल. दिसायला थेट दिवाळीतल्या करंज्या. तेव्हा कुणी कुणाचं पळवलं ते विचारत बसू नका, गरम आहेत तोवर खा.