आंबा भेटीने नाही, ४०० ग्रेने जातो

‘बुश यांच्या मार्च २००६ च्या भारतभेटीत हापूसला अमेरिकेचं दार उघडलं’ असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. पहिली पेटी तिथे पोचली एप्रिल २००७ मध्ये. मधलं वर्ष गेलं विकिरणाच्या, म्हणजे फळावर किरण सोडून कीड निकामी करण्याच्या, अटी ठरवण्यात आणि लासलगावचं विकिरण केंद्र अमेरिकेकडून मंजूर करून घेण्यात. अडचण फळमाशीपेक्षा कोयीतल्या भुंग्याची. तो कोयीच्या आत बसलेला असतो, बाहेरून धुऊन-पुसून भागत नाही. म्हणून किमान ४०० ग्रे मात्रा (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप). थप्पीतल्या मधल्या खोक्याला तेवढी मिळवायची तर बाहेरच्या खोक्यांना जास्त बसते, आणि फार जास्त झाली की साल काळवंडते. थप्पी कशी रचली यावर अर्धा खेळ. जपानला हाच आंबा उष्ण वाफेतून काढून पाठवावा लागतो, म्हणजे यंत्रणाही वेगळी.

आणि कागद! फेब्रुवारी २०२५ मध्ये मोदी-ट्रम्प भेटीत २०३० पर्यंत ५०० अब्ज डॉलरच्या व्यापाराचं लक्ष्य जाहीर झालं. मे महिन्यात नवी मुंबईत विकिरण झालेल्या किमान १५ खेपा अमेरिकी विमानतळांवर अडल्या. कारण, विकिरण झाल्याची नोंद करणाऱ्या पीपीक्यू २०३ या अमेरिकी फॉर्ममधली त्रुटी. परत न्या किंवा नष्ट करा, एवढेच दोन पर्याय. पिकत आलेलं फळ विमानभाडं भरून परत कोण आणणार? पुढच्या दौऱ्याच्या विषयपत्रिकेत चुकलेला फॉर्म माल विमानतळावर असतानाच दुरुस्त करायची सोय मागा, हस्तांदोलनाचा फोटो नंतर.