चोर सापडला, मावशीचे काय?

२०१७ च्या दिवाळीत इंग्लंडमधल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरची रोषणाई पाहून आम्ही रात्री घरी परतलो, तेव्हा मागच्या दाराचे कुलूप उचकटलेले होते आणि वरच्या खोलीतले कपाट पलंगावर रिकामे केलेले होते. आशियाई कुटुंबांच्या घरी सोने असते, हे इथल्या चोरांना चांगले ठाऊक आहे. आईने मला लग्नात घातलेल्या पाटल्या, सासूबाईंची ठुशी आणि मुलीचे बारशाचे वाळे गेले, ते आजतागायत मिळालेले नाहीत. चोरही सापडला नाही. दोन महिन्यांनी तपास थांबवत असल्याचे पत्र तेवढे आले.

तरीही त्या दिवसांची आठवण निघाली की मला आधी एक फोन आठवतो. चौथ्या दिवशी गुन्ह्यांतल्या पीडितांना आधार देणाऱ्या व्हिक्टिम सपोर्ट या संस्थेच्या स्वयंसेविकेने, एका निवृत्त शिक्षिकेने, फोन करून विचारले, "झोप लागते का?" काय गेले, किती किमतीचे होते, हे तिने विचारले नाही. नंतर ती दोनदा घरी आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने विम्याचा अर्ज माझ्याकडून भरून घेतला आणि आमची सात वर्षांची मुलगी एकटी जिना चढायला तयार नाही हे कळल्यावर शाळेला काय सांगावे, तेही सुचवले.

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, कृष्णाकाठच्या आमच्या गावी मावशी पहाटे फिरायला गेली असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी तिच्या गळ्यातले गंठण हिसकावले. ती पडली, मानेवर ओरखडे उठले, मनगटाचे हाड मोडले. तिथल्या पोलिसांनी महिनाभरात चोर पकडले आणि गंठणही हस्तगत केले. लेस्टरच्या पोलिसांना जे जमले नाही, ते त्यांनी करून दाखवले, हे मी मनापासून मान्य करते. पण पुढे मावशी 'फिर्यादी' झाली. जबाबासाठी तिला तीनदा बोलावले गेले आणि गंठण मुद्देमाल म्हणून दोन वर्षे मोहोरबंद पाकिटात पडून राहिले. मौल्यवान वस्तूंचा पंचनामा आणि छायाचित्रे करून त्या मालकाला लवकर परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. अखेर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे वस्तू ताब्यात घेतल्याच्या हमीपत्रावर, सही करून तिने ते घरी आणले, तेव्हा मी फोनवर तिचे अभिनंदन केले. ती म्हणाली, "गंठण मिळालं गं, पण अजून मागून गाडी आली की हात गळ्याशी जातो." गंठण हिसकावले त्या दिवसापासून मावशी पहाटेची फिरायला गेलेली नाही.

गुन्हेगाराला पकडणे आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला पुन्हा उभे करणे, ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला या दोन घटनांनी शिकवले. मायदेशातल्या चर्चा दुरून ऐकताना जाणवते, की आपण पहिल्याच कामाविषयी बोलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले, फाशीची मागणी झाली आणि पुढच्या महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा न्याय झाल्याचा जल्लोषही झाला. लोकांचा संताप खरा होता, तो मलाही इथे बसून जाळत होता. पण तक्रार नोंदवून घेण्यात झालेल्या दिरंगाईवर उच्च न्यायालयाला ताशेरे ओढावे लागले होते, आणि त्या मुली पुन्हा शाळेत कशा जातील, त्यांच्या आईवडिलांशी कोण बोलते आहे, हा प्रश्न माझ्या नातेवाइकांच्या एकाही व्हॉट्सअ‍ॅप गटात कुणी विचारला नाही.

याचा अर्थ आपल्याकडे काही नाही, असा मुळीच नाही, आणि परदेशात राहणाऱ्यांनी तसे बोलू नये. इंग्लंडमधल्या ज्या ब्रिस्टलमध्ये १९७४ साली पीडितांच्या मदतीची ही चळवळ सुरू झाली, तिथल्याइतकीच मोठी परंपरा महाराष्ट्राकडे आहे. पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या १९७२ च्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडल्यावर १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांत रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही दोन मराठी नावे होती, आणि त्यातून उठलेल्या आंदोलनाने १९८३ मध्ये कायदा बदलायला लावला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे पोलिसांच्या शेजारच्या खोलीत समाजकार्यकर्ती बसू लागली. हिंसा सोसलेल्या बायकांना रुग्णालयातच आधार देणारे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातले 'दिलासा' केंद्र याच वाटेवरचे. २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. बलात्कार आणि अ‍ॅसिडहल्ल्यातल्या पीडितांना सुरुवातीला ३ लाखांपर्यंत मिळणारी मदत पुढे १० लाखांपर्यंत वाढली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, तर तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत पीडिताला कळवणे पोलिसांना बंधनकारक केले आहे.

उलट ब्रिटनमध्ये सारे आलबेल आहे, असेही मी म्हणणार नाही. इथल्या पीडित संहितेत १२ हक्क आहेत, गुन्ह्याने आयुष्यावर काय परिणाम झाला हे न्यायालयाला सांगण्याचा हक्क २००१ पासून आहे, हिंसक गुन्ह्यांतल्या पीडितांना १९६४ पासून सरकारी भरपाई मिळते. पण आज क्राउन कोर्टांत, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायालयांत, ७० हजारांहून अधिक खटले तुंबलेले आहेत आणि तारखेची वाट पाहून थकलेले पीडित खटलाच सोडून देतात. पहिल्या आठवड्यात आलेला सहानुभूतीचा फोन तीन वर्षांच्या प्रतीक्षेवरचा उतारा होऊ शकत नाही, आणि मला जे मिळाले ते इथेही प्रत्येकाला मिळतेच, असे नाही.

तरी मला तो फोन गावी हवा आहे. त्यासाठी नवा कायदा किंवा मोठी इमारत लागत नाही. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक आहेतच; गुन्हा नोंदला गेला, की पहिल्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाने फिर्यादीच्या घरी जावे, मुद्देमाल परत मागण्याचा अर्ज लिहून द्यावा, भरपाईची योजना लागू होते का ते पाहावे आणि साक्षीच्या दिवशी सोबत बसावे. ठाण्यातल्या अंमलदारावर हे काम टाकू नये, कारण त्याच्या डोक्यावर आधीच बंदोबस्तापासून समन्स बजावण्यापर्यंतचा भार आहे आणि पीडिताला त्याच्यापाशी मोकळेपणाने रडता येत नाही. बचत गटातल्या, भजनी मंडळातल्या, निवृत्त झालेल्या कितीतरी बाया हे काम उत्तम करतील. मावशीला गावात माणसांची वाण नव्हती. पहिले चार दिवस घर भरलेले होते, पण येणारा प्रत्येक जण "पहाटे एकटी गेलीसच कशाला?" असे विचारून जात होता. दुखावलेल्या माणसाशी काय बोलू नये, एवढे शिकवलेले एक माणूस त्या गर्दीत असते, तर कदाचित ती आज फिरायला जात असती.

तिच्या खटल्यात साक्ष अजून व्हायची आहे. आरोपी जामिनावर आहेत आणि मागच्या तारखेला ते कोर्टाच्या व्हरांड्यात तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. पुढच्या तारखेला तिच्याबरोबर कोण जाणार, हे अजून ठरलेले नाही.