'बंद नाही, कमी करतो'

व्यसनमुक्तीच्या कामात हे वाक्य रोज कानावर पडतं. माझं मत स्पष्ट आहे: दारूची सवय लागलेल्या माणसाला कमी करणं हे बंद करण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं. कमी करणाऱ्याला रोज संध्याकाळी स्वतःशी हुज्जत घालावी लागते. आज नाईंटी की क्वार्टर? बीअर धरायची का मोजणीत? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पिचून घरी आलेला माणूस रात्री आठ वाजता ही हुज्जत रोज कशी जिंकणार? पूर्ण सोडली की प्रश्नच मिटतो.

पण 'कायमची' म्हटलं की मन बिथरतं. पोरीचं लग्न, गोव्याची ट्रिप, यंदाची गटारी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आणतं. एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगमध्ये 'फक्त आजचा दिवस' म्हणतात ते याचसाठी. निर्णय कायमचा घ्या, पण पाळायचा मात्र आजच्यापुरता.

त्याआधी एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास आणि भ्रम, म्हणजे डीटी (डिलिरियम ट्रेमेन्स). त्यात जीवही जातो. डॉक्टर हे गोळ्यांनी सांभाळतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. इथे मनोधैर्य वगैरे कामाचं नाही.

शरीर आठवड्याभरात बऱ्यापैकी सावरतं. मनाचं काम तिथून पुढे सुरू होतं. मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात (अवचट दांपत्याने १९८६ साली येरवड्यात सुरू केलेलं) पाच आठवडे राहून आलेल्या माणसाचाही खरा पेपर घरी आल्यावरच असतो. सात वाजतात आणि पाय आपसूक ओळखीच्या गल्लीकडे वळतात. तलफ बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत ओसरते, पण त्या वेळी ती कधी संपेलसं वाटत नाही. लोक काय चुकतात, तर खोलीत एकटे बसून दात-ओठ खात तिच्याशी लढतात. त्यापेक्षा साडेसहालाच पोटभर खा. थालीपीठ, पोहे, काहीही. उपाशीपोटी तलफ जास्त छळते. वाईन शॉपवरून जाणारा रस्ता बदला. फोन प्यायच्या आधी करायचा असतो, नंतर नव्हे. ज्याला करायचा त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

घरचे पहिल्या आठवड्याला घाबरतात. मला तिसऱ्या-चौथ्या महिन्याची जास्त धास्ती वाटते. चेहरा उजळलेला असतो, पगार घरी येतो, बायको हसून बोलते. झोप मात्र अजून नीट लागत नाही, चिडचिड कारणाशिवाय होते, आणि मन हळूच म्हणतं, 'आता कंट्रोल आलाय, एक घेऊन बघू.' दुःखात पिणारे असतातच, पण खुशीत घसरणारेही कमी नाहीत.

घसरलात, म्हणजे स्लिप झाली, तर पहिल्या पेगपेक्षा त्यानंतरचा विचार घातक: 'गेलंच सगळं, आता बाटली संपवूनच उठू.' ॲलन मारलॅट या मानसशास्त्रज्ञाने या मनःस्थितीवर बरंच काम केलंय. उरलेली तिथेच ओतून द्या, त्याच रात्री कुणाला तरी सांगा. लपवलेली स्लिप आठवडाभर चालते.

औषधांबद्दल थोडक्यात. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत. ती मानसोपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावीत. 'न सांगता दारू सोडवा' म्हणत जेवणात पावडर कालवायला सांगणाऱ्या जाहिरातींची मला चीड आहे. त्यात डायसल्फिराम (वर दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असेल आणि माणूस बाहेर प्यायला, तर बीपी कोसळून जिवावर बेततं. हे औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. जो ते समजून-उमजून घेतो, त्यानेही आयुर्वेदिक आसव-अरिष्टं टाळावीत. आंबवलेली असल्याने त्यांत अल्कोहोल असतंच.

बायको-आईला एक विनंती: शपथा घालू नका, रोज तोंडाचा वास घेऊ नका. संशयाने घर धुमसतं आणि त्याला प्यायला निमित्त मिळतं. आणि मित्रहो, गटारीला 'बसायचं का?' विचारणार असाल, तर त्याला वगळा. 'तू नुसता चखणा खा' हे आमंत्रणही नको. मटण खाऊ घालायचंच असेल, तर दुपारी घरी बोलवा.

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन: १४४४६.