चोवीस तासांचा देव आणि त्याचं वेळापत्रक

गेले काही दिवस एक मजकूर फोनाफोनांतून फिरतोय. माझ्याकडे तो पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघे एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण या मजकुरावर त्यांचं एकमत आहे. सार असं: 'एखाद्या साध्या, प्रामाणिक माणसाला फक्त चोवीस तासांसाठी देवाची ताकद मिळू द्या. दिवस मावळायच्या आत भूक, रोग, गरिबी आणि युद्ध संपलेलं असेल. ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांना हे करायचंच नाही, एवढाच काय तो प्रश्न.' खाली त्या दिवसाचं वेळापत्रकही दिलंय, तासावार.

त्यातला राग मला कळतो, आणि 'करायचंच नाही' हा आरोप पुष्कळदा खराही असतो. पण वेळापत्रक बनवणाऱ्याने हिशेब केलेला नाही. ताकद खरोखर मिळाली असं धरून चालू. चमत्कार होतात की नाही, हा वाद इथे नको. चमत्कार झाल्यावर पुढे काय, एवढंच पाहू.

'सकाळी सहा: प्रत्येक उपाशी घरात वर्षभराचं धान्य.'

यात गृहीत असं की जगात अन्न कमी आहे. ते कमी नाही. आज उपलब्ध असलेलं अन्न सगळ्यांत सारखं वाटलं तर माणशी रोज २,८०० किलोकॅलरीहून अधिक येतात, आणि सरासरी माणसाला तेवढ्या लागत नाहीत. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये सुमारे ७३ कोटी लोकांना पोटभर मिळत नव्हतं. अमर्त्य सेन यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच मांडलं. धान्य १९४१च्या मानाने कमी नव्हतं, पण शेतमजुराच्या, कोळ्याच्या, कारागिराच्या हातात ते घेण्याइतकी ऐपत उरली नव्हती.

बरं, तरी धान्य आलं असं समजू. आता शेजारच्या शेतकऱ्याकडे बघा. त्याचं पीक याच महिन्यात बाजारात जायचं होतं, आणि गिऱ्हाईकाच्या घरात वर्षभराची पोती फुकट येऊन पडली आहेत. पुढच्या हंगामात तो कशाला पेरेल? देवाची मुदत तर काल रात्रीच संपली. हैतीत याची छोटी आवृत्ती घडून गेली आहे. १९९०च्या दशकात तिथलं तांदळावरचं आयातशुल्क जवळजवळ काढून टाकलं गेलं आणि अमेरिकेतला, सरकारी अनुदानावर पिकलेला स्वस्त तांदूळ आत आला. लोकांना स्वस्त भात मिळाला आणि भात पिकवणारे शेतकरी धंद्यातून उठले. ज्यांच्या कारकिर्दीत हे झालं त्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे ती चूक होती असं कबूल केलं. चूक कळायला पंधरा वर्षं लागली, आणि तीही चुकणारा माणूस कुणाला तरी उत्तर देणं लागत होता म्हणून.

'सकाळी नऊ: जगातले सगळे जंतू नष्ट.'

या कलमावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच मरतील.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. आपल्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण तेवढीच, म्हणजे मोजणीपुरते आपण निम्मे भाडेकरूच आहोत. आतड्यातले गेले की पचन बिघडेल, पण ते त्यातल्या त्यात किरकोळ. मातीतले गेले की हवेतला नायट्रोजन पिकाला मिळण्याची नैसर्गिक वाट जवळजवळ बंद होईल. मेलेलं काही नीट कुजणार नाही. गायीगुरांना चारा पचणार नाही, कारण तो त्यांच्या पोटातले जंतूच पचवतात. नऊ वाजता रोग संपले आणि सहा वाजता वाटलेलं धान्य जगातलं शेवटचं ठरलं.

'सगळे नाही, फक्त वाईट जंतू,' असं कुणी म्हणेल. मग वाईट कोण हे ठरवायला बसा. ज्याच्या शब्दाला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं अशा माणसाने एकदा ही यादी करून पाहिली आहे. १९५८ मध्ये माओच्या चीनमध्ये चार शत्रू ठरवले गेले: उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. चिमण्यांचा गुन्हा, दाणे खातात. लाखो लोक थाळ्या आणि डबे बडवत राहिले, चिमण्यांना कुठे टेकू देईनात. शेवटी त्या दमून आकाशातून खाली पडत. चिमण्या दाण्यांबरोबर किडेही खातात, हे तिथल्या पक्षितज्ज्ञांना माहीत होतं. पण ते वर पोचून ऐकलं जाईपर्यंत चिमण्या संपत आल्या होत्या आणि पिकांवर किडे माजले होते. १९६० मध्ये यादीतून चिमणीचं नाव खोडून तिथे ढेकूण घातला. तोवर कोट्यवधी बळी घेणारा दुष्काळ सुरू झालेला होता. त्याचं खापर एकट्या चिमण्यांच्या कत्तलीवर फोडता येणार नाही. धान्याची सक्तीची उचल होती, आणि वरच्यांना खूश ठेवायला खालचे अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे कळवत होते. मला तर दुष्काळाच्या कारणांत हा आकड्यांचा भाग जास्त भीतिदायक वाटतो. रागावला तर भस्म करू शकतो अशा माणसाला 'साहेब, पीक आलेलं नाही' हे सांगायचं कोणी? एका दिवसाच्या देवाची हीच गत होईल. त्याला सगळे 'फार छान झालं' असंच कळवतील.

रोग मुळापासून उपटून काढल्याची उदाहरणं आहेत. माणसांत देवी, गुरांत बुळकांडी. देवीचा नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचं जाहीर केलं. बुळकांडी संपल्याची घोषणा २०११ची. देवीला लक्ष्य करता आलं, कारण तिचा विषाणू माणसाखेरीज दुसऱ्या कुठल्या प्राण्यात तळ ठोकत नाही. मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात सरसकट प्रत्येकाला टोचण्यापेक्षा रुग्ण शोधायचा आणि त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना लस द्यायची, ही युक्ती कामाला आली. त्यासाठी गावोगाव फिरणारी, दारं ठोठावणारी, 'इथे कुणाला पुरळ उठलंय का' असं विचारणारी माणसं लागली. विजेचा कडकडाट नाही, आकाशवाणी नाही. दार बंद करून घेणाऱ्या बाईशी अर्धा तास बोलत बसण्याची तयारी लागली.

'दुपारी बारा: प्रत्येक माणसाला एक किलो सोनं.'

आठशे कोटी माणसं, म्हणजे ८० लाख टन सोनं. माणसाने आजवर जमिनीतून काढलेलं सगळं सोनं साधारण दोन लाख टन भरतं. चाळीसपट सोनं एका दुपारी आलं तर सव्वाबारापर्यंत ते सोनं राहणार नाही, नुसता पिवळा धातू होईल. मालीचा सुलतान मन्सा मुसा १३२४ मध्ये हजच्या वाटेवर कैरोला थांबला आणि त्याने एवढं सोनं वाटलं, उधळलं, की तिथला सोन्याचा भाव पडला. बारा वर्षांनी अल्-उमरी नावाचा लेखक कैरोत चौकशी करत होता, तेव्हाही लोक त्याला पडलेल्या भावाचीच हकिगत सांगत होते. आणि तो एकच माणूस होता, मनाचाही उदार.

एक फायदा मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो. सोनं गंजत नाही आणि वीज उत्तम वाहतं. एवढं स्वस्त झालं तर तारा आणि भांडी मस्त होतील. ॲल्युमिनियमचं असंच झालं. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर मानाने बसवावा असा तो धातू होता, १८८६ मध्ये तो स्वस्तात काढायची रीत सापडली आणि पुढे त्याची पातेली झाली. पातेल्यांनी लोकांचं भलंच केलं, पण त्याला श्रीमंती म्हणत नाहीत.

'दुपारी तीन: सगळी शस्त्रं गायब.'

रवांडात १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली, त्यातली फार मोठी संख्या कोयत्याने. कोयता हे शेतीचं अवजार आहे. गायब करायचा का? केला तर सहा वाजताच्या शेतकऱ्याने उद्या कापणी कशाने करायची? हे कलम इथेच सोडतो.

'वेळ कमी पडला तर पृथ्वीचं फिरणं थांबवा.'

विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते आहे, आणि तिच्याबरोबर आपण, हवा आणि समुद्रही. एकट्या जमिनीला एकाएकी थांबायला सांगितलं तर बाकीचे सगळे त्याच वेगाने पूर्वेला निघतील. 'आमच्यासकट सगळं थांबव' असं नीट सांगायला हवं, आणि 'सगळं' या शब्दात काय काय येतं ते आधी ठाऊक हवं. वर मागताना शब्द चुकला की काय होतं, यावर आपल्या पुराणांत निम्मी पानं खर्ची पडली आहेत.

'संध्याकाळी: सगळ्यांच्या प्रार्थना ऐकणे.'

माणशी एक सेकंद धरला तरी आठशे कोटी सेकंद, म्हणजे सुमारे २५३ वर्षं. एकदम सगळ्या ऐकू येतात असं मानलं तरी त्या जुळत नाहीत. एका रुग्णालयात कुणीतरी बदली हृदयाची वाट बघत हात जोडून बसलंय, दुसऱ्या रुग्णालयात एक आई मुलाने डोळे उघडावेत म्हणून बसली आहे. दोघींनाही हो म्हणायचं तर तिसरं हृदय घडवा, हे कबूल. पण सगळ्या प्रार्थना अशा सुटत नाहीत. 'ती मला हो म्हणू दे' आणि 'त्याने माझा नाद सोडू दे' या दोन मागण्यांतून वाट कशी काढणार?

आता शेवटचं वाक्य, ज्यावर सगळा डोलारा उभा आहे: 'साधा माणूस चुकणार नाही, कारण त्याला स्वतःसाठी काहीच नको असतं.'

साध्या माणसाच्या हातात अचानक अशी ताकद येण्याचा प्रसंग घडलेला आहे. हॅरी ट्रुमन. कॉलेजची पदवी नाही. भागीदारीत काढलेलं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान १९२२ मध्ये बुडालं. १९४५च्या जानेवारीत अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले, १२ एप्रिलला अध्यक्ष रूझवेल्ट वारले आणि हे अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना म्हणाले, चंद्र, तारे आणि सगळे ग्रह आपल्या अंगावर कोसळल्यासारखं वाटलं. २५ एप्रिलला त्यांना अणुबाँबची पूर्ण माहिती देण्यात आली. गंमत म्हणजे सिनेटर असताना युद्धखर्चाची चौकशी करता करता ते याच प्रकल्पाच्या दाराशी पोचले होते, तेव्हा त्यांना परत पाठवलं गेलं होतं.

ट्रुमनना स्वतःसाठी काही हवं होतं असं मला वाटत नाही. पण ताकद हातात आली तेव्हा तिच्याबरोबर समित्या, लक्ष्यांची यादी आणि वेळापत्रकही तयार होत होतं. जुलैच्या अखेरीस निघालेल्या लष्करी आदेशात पुढचे बाँब तयार होतील तसे टाकावेत अशीच तरतूद होती. हिरोशिमानंतर तिसऱ्या दिवशी दुसरं विमान निघालं, त्यासाठी अध्यक्षांनी वेगळा हुकूम दिला नाही. ते निघालं होतं कोकुराकडे. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून नागासाकीकडे वळलं. १० ऑगस्टला ट्रुमननी यापुढे आपल्या परवानगीशिवाय बाँब नाही असं फर्मावलं. आणखी एक लाख माणसं पुसून टाकण्याचा विचार फार भयंकर आहे, असं ते बोलल्याची नोंद त्यांचे मंत्री हेन्री वॉलेस यांच्या डायरीत आहे. म्हणजे साधा माणूस जागा झाला, पण दोन शहरांनंतर.

दुसरा प्रसंग उलटा आहे, आणि मजकूर पाठवणाऱ्या पाचही जणांना मी तोच पाठवला. २६ सप्टेंबर १९८३, मॉस्कोजवळचं एक तळघर. सोव्हिएत लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह रात्रपाळीला. उपग्रहांवरून हल्ल्याचा इशारा देणारी यंत्रणा सांगते, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलंय. मग आणखी, एकूण पाच. पेत्रोव्हकडे बाँब टाकायची ताकद नव्हती, वर कळवायचं काम तेवढं होतं. त्याने विचार केला की खरं युद्ध सुरू करणारा पाच क्षेपणास्त्रांनी कशाला सुरू करेल. शिवाय यंत्रणा नवी होती, आणि तिच्यातल्या उणिवा त्याला ठाऊक होत्या. जमिनीवरच्या रडारला काही दिसत नव्हतं. त्याने खोटा इशारा म्हणून कळवलं. उपग्रहाने ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन पाहिलं होतं, हे मागाहून निष्पन्न झालं.

नंतर चौकशीत त्याला बोलणी बसली, कारण त्या गोंधळात त्याने नोंदवही भरली नव्हती. यावर त्याने दिलेलं उत्तर असं: एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात इंटरकॉम, आणि मला तिसरा हात नाही.