बिबट्याला जेवायला बोलवायचं असेल तर

पैसा झाला, बंगला झाला, बंगल्यापुढे उभी करायला जर्मन गाडी झाली, आणि तरीही चारचौघांत आपल्याकडे कुणी वळून बघत नाही अशी तुमची तक्रार असेल, तर आफ्रिकेत जाऊन एक बिबट्या मारून या. सिंहही चालेल, पण तो महाग पडतो आणि टांझानियात त्याच्यासाठी एकवीस दिवसांची सफारी घ्यावी लागते. बिबट्याचं साधारण चौदा दिवसांत उरकतं. रजेच्या दृष्टीनं बिबट्या बरा.

'सफारी' या शब्दाला बिचकू नका. अरबीतल्या ज्या शब्दावरून आपली 'सफर' आली, त्याच्यावरूनच स्वाहिलीतली 'सफारी' आली. पूर्वी तिच्यात चालावं लागायचं. आता बसावं लागतं. तुम्ही इतकी वर्षं खुर्चीत बसून जो सराव केलाय तो इथं कामी येईल. झुरळ दिसल्यावर तुम्ही पलंगावर चढता का, हे कुणी विचारणार नाही. त्यांच्या फॉर्मवर तो रकानाच नसतो.

आता मुख्य गोष्ट. बिबट्याच्या मागे लागून बिबट्या सापडत नाही, हे जुन्नरच्या ऊसतोड कामगारापासून आफ्रिकेतल्या झांबेझी नदीच्या खोऱ्यात माग काढणाऱ्या ट्रॅकरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्याच्या मागे जायचंच नाही. त्याला जेवायला बोलवायचं.

यजमानपद तुमचं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वयंपाकाचं बघावं लागतं. एक-दोन इम्पाला हरणं मारा, एखादा वॉर्टहॉग म्हणजे तिकडचा रानडुक्कर, जमल्यास झेब्रा. (प्रत्येकाची फी बिलात वेगळी लागते. पाहुण्याच्या ताटातला जिन्नस न् जिन्नस यजमानाच्या खात्यावर, ही रीत तिकडेही आहे.) मग झाड निवडायचं. नदीकाठचं, आजूबाजूला दाट झाडी असलेलं, म्हणजे भित्र्या पाहुण्याला आडोशानं येता येईल. फांदी जाड आणि आडवी हवी. मांस तिला तारेनं करकचून बांधायचं, नाहीतर तो ताट उचलून घरी घेऊन जातो. उंची अशी ठेवायची की खालून तरसाचं आणि सिंहाचं तोंड पोचणार नाही. वरून गिधाडांना दिसू नये म्हणून पालापाचोळ्यानं झाकायचं. आपण ताटावर जाळी झाकतो तसं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फांदीच्या मागे पश्चिमेचं आकाश मोकळं हवं. संध्याकाळी सगळं रान काळं झालं तरी त्या उजेडावर पाहुण्याची आकृती कागद कापून चिकटवल्यासारखी उठून दिसते. लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवरच्या दिव्यांना लाखभर मोजणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे.

आमंत्रणाची पद्धत साधी. मारलेल्या जनावराचा कोथळा दोरीला बांधून गाडीमागे रस्त्यानं, नदीच्या कोरड्या पात्रातून फरपटत झाडाच्या बुंध्यापर्यंत आणायचा. ही झाली गावजेवणाची हाळी. अशा पाच-सात ठिकाणी पंगती मांडायच्या, प्रत्येक झाडासमोर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावायचा, आणि रोज सकाळी गाडीनं फिरून बघायचं की रात्री कोण येऊन गेलं, किती जेवलं, पुन्हा येईलसं वाटतं का. मादी जेवून गेली असेल तर जाऊ द्यायची. बहुतेक देशांत तिला मारायला बंदी आहे. पिल्लू असेल तर त्यालाही जाऊ द्यायचं. या पंगतीत बायामुलांना कुणी काही करत नाही. फक्त घरच्या कर्त्या पुरुषाची वाट बघायची.

भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, ही आपली आजी शिकवून गेली. आजीचा शब्द इथं मोडावा लागत नाही. उठवत कुणीच नाही.

हे सगळं तुम्ही स्वतः कराल असं मात्र समजू नका. झाडावर ट्रॅकर चढतो, मांस आणखी दोघं ओढतात, वारा कुठून येतो हे राख उडवून प्रोफेशनल हंटर बघतो. त्याला सगळे पीएच म्हणतात. तो परवानाधारक असतो, चेहऱ्यानं रापलेला असतो, आणि तुमच्यासारखी माणसं दर मोसमात बघत असल्यामुळे त्याचा चेहरा फार काही सांगत नाही. तुम्ही झाडाखाली उभं राहून 'थोडं डावीकडे घ्या' म्हणा. कुणी घेणार नाही, पण म्हटल्याचं समाधान असतं.

आपला पाहुणा नक्की येतोय असं ठरलं की झाडापासून साठ-सत्तर मीटरवर लपायची जागा बांधतात. आपल्या शिकाऱ्यांचं मचाण झाडावर असायचं. तिकडचं हे खोपट बहुधा जमिनीवरच असतं, गवताचं, फांद्यांचं किंवा कापडाचं. त्याला 'ब्लाइंड' म्हणतात. नाव कुणाला उद्देशून ठेवलंय, असा प्रश्न मला पडला होता, पण तुम्ही तो कॅम्पवर विचारू नका. आत खाली सतरंजी अंथरलेली असते, पाय हलला तरी आवाज होऊ नये म्हणून. खुर्ची असते. समोर भोक असतं. भोकासमोर तुमची बंदूक टेकूवर ठेवून आधीच फांदीकडे रोखलेली असते. आता तुमच्याकडे काम उरतं ते एक बोट वाकवण्याचं. तेही कोणतं, ते आदल्या दिवशी सांगतात.

दुपारी साडेतीन-चारला गाडी तुम्हाला तिथं सोडते आणि मुद्दाम घरघर करत निघून जाते. दबा धरलेल्या पाहुण्याला वाटावं, माणसं गेली. या एका युक्तीवर मी फिदा आहे. इतका विश्वासघात इतक्या कमी डिझेलमध्ये दुसरीकडे कुठे होत नसावा.

त्यानंतर मात्र तुमची खरी परीक्षा सुरू होते. बोलायचं नाही. आपल्याकडे मौनव्रतातही माणूस हातवारे करून चहा मागतो. इथं हातवारेही नाहीत. खोकायचं नाही. सळसळणारं नायलॉनचं जाकीट घालायचं नाही, चर्रकन उघडणारा वेल्क्रोचा पट्टा कशालाच नको, परफ्यूम नको. लघवीला बाटली. आणि मोपाने नावाच्या झाडांच्या रानात असाल तर मोपाने माश्या येतात. त्या डंख करत नाहीत, म्हणून लोक त्यांना कमी लेखतात. त्यांना फक्त ओल हवी असते, आणि त्या रानात ओल म्हणजे तुमचे डोळे. दहा-वीस जणी पापण्यांवर बसतात आणि तुम्ही त्या हाकलायच्या नसतात. नंतर मित्रांना सांगताना 'डोळ्यांत पाणी आलं होतं' असं म्हणता येईल. खोटं ठरणार नाही.

मचाणाचं निघालं म्हणून सांगतो. हा शब्द आफ्रिकेत गेला तो इंग्रजांबरोबर, हिंदुस्थानातून. १८९८ साली आजच्या केनियात त्सावो नदीवर युगांडा रेल्वेचा पूल बांधायचं काम चालू होतं, आणि दोन बिनआयाळीचे सिंह तंबूंत शिरून मजूर उचलून नेत होते. मजूर बरेचसे आपल्याकडचे. पूल बांधणारा पॅटरसन हा साहेबही हिंदुस्थानात राहून गेलेला. त्यानं चार खांब रोवून जेमतेम बारा फुटी मचाण उभं केलं, समोर मेलेलं गाढव तारेनं जखडलं आणि रात्री एकटा वर बसला. सिंह आला. पण गाढव सोडून तो मचाणाभोवतीच घिरट्या घालायला लागला. तेवढ्यात काळोखातून काहीतरी येऊन पॅटरसनच्या डोक्यावर आदळलं. घुबड होतं. साहेब इतका निश्चल बसला होता की घुबडाला ती झाडाची फांदी वाटली. तुमच्याबाबतीत अशी चूक घुबडाकडून होईल असं वाटत नाही, पण ध्येय म्हणून समोर ठेवा.

तो सिंह त्या रात्री मेला, दुसरा पुढे काही आठवड्यांनी. नंतर दोघांची कातडी साहेबाच्या घरी पंचवीसेक वर्षं जमिनीवर अंथरलेली होती. १९२४ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमनं ती पाच हजार डॉलरला घेतली आणि पेंढा भरून उभी केली. गालिचे करताना कडा कापल्या गेल्या होत्या, त्यामुळे काचेमागचे ते नरभक्षक मूळ आकारापेक्षा लहान दिसतात. अंथरुण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथं पायच कापून अंथरुण केलं.

असो. सूर्य टेकला की रान बोलायला लागतं. तित्तिर ओरडतात, बबून भुंकल्यासारखा आवाज काढतात, पीएच तुमचा गुडघा दाबतो. याचा अर्थ पाहुणे आले. तुमचं काळीज बंदुकीच्या दस्त्यावर ठोके द्यायला लागेल, तो आवाज बिबट्यालाही ऐकू जातोय असं वाटेल. त्याला जात नाही. तो जेवतोय. पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरून बोट वाकवा.

काही खाजगी रानांत अंधार पडल्यावर दिवा लावून मारायलाही परवानगी असते. तांबडा दिवा, आणि त्याला पंख्याच्या रेग्युलेटरसारखी कळ, म्हणजे डिमर. एकदम लावायचा नाही. हळूहळू, अगदी हळूहळू वाढवत न्यायचा, म्हणजे जेवणारा दचकत नाही. ही कळ फिरवायची पद्धत लक्षात ठेवा.

नेम चुकून बिबट्या जखमी झाला तर? काळजी नको, फी पूर्ण लागते, म्हणजे व्यवहारात काही अडचण येत नाही. जखमी बिबट्या झुडपात दबून बसतो आणि अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. त्याच्यामागे अंधारात पीएच आणि ट्रॅकर जातात. तुम्ही गाडीत बसा. काच वर करून घ्या. घरी आल्यावर हा प्रसंग सांगताना 'आम्ही' हे सर्वनाम वापरावं. मराठीत त्याची चांगली सोय आहे.

एक सावधगिरी. जनावराला नाव नाही ना, एवढं बघून घ्या. २०१५ च्या जुलैत झिम्बाब्वेमध्ये अमेरिकेतल्या एका दंतवैद्यानं ह्वांगे नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर एक सिंह मारला. हत्तीच्या मढ्यावर बोलावून, रात्री, बाणानं. जखमी सिंह निघून गेला, त्याला गाठून संपवलं दुसऱ्या दिवशी. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. पण सिंहाच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा पट्टा निघाला आणि त्याचं नाव होतं सेसिल. बिननावाचे सिंह त्याच्या आधीही मरत होते आणि नंतरही मेले, कुणी पेपर बंद केला नाही. याच्या वेळी मात्र लोकांनी दंतवैद्याच्या बंद दवाखान्यासमोर कापडी सिंहांचा ढीग रचला. आपल्याला हा सिंह प्रसिद्ध आहे हे ठाऊक नव्हतं, आपण स्थानिक जाणकारांवर भरवसा ठेवला, असं त्यानं सांगितलं. पन्नास हजार डॉलर दिले होते म्हणे. एवढ्या पैशात निदान नाव विचारता आलं असतं. दोन वर्षांनी सेसिलचा मुलगा झांडा, तोही पट्टेवाला, तसाच पार्कबाहेर मारला गेला. काही घराण्यांत जेवणाचं आमंत्रण नाकारायची पद्धतच नसते.

ज्यांना चौदा दिवसही नाहीत त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेत कुंपणात वाढवलेले सिंह मिळायचे, बाटलीनं दूध पाजलेले, माणूस दिसला की जवळ येणारे. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं हा धंदा बंद करायचं जाहीर केलं. जाहीर करणं आणि बंद होणं यांतलं अंतर आपल्याला समजावून सांगायला नको.

परतल्यावर कुणीतरी भाचा-भाची 'का मारलंत?' असं विचारणारच. उत्तर तयार हवं: संवर्धनासाठी. हे अगदीच पोकळ नाही. केनियानं १९७७ मध्ये शिकार बंद केली तरी तिथली जनावरं घटलीच. बोट्स्वानानं २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. शिकारीचा पैसा येतो म्हणून काही रानांवर नांगर फिरला नाही, हेही खरं. एवढंच सांगून पाणी प्या. कळपातला नर सिंह मारला की नवा नर येऊन जुन्याची पिल्लं मारतो, हे सांगत बसू नका. त्यासाठीच टांझानियात सहा वर्षांखालचा नर मारू नये असा नियम आहे आणि वय नाकावरून ओळखतात. गुलाबी नाक वयाबरोबर काळं पडत जातं. संधिप्रकाशात, दुर्बिणीतून, डोळ्यांवर माश्या बसलेल्या असताना सिंहाच्या नाकाचा रंग तुम्ही ओळखला होता का, असं भाचीनं विचारलं तर मात्र तिला आइस्क्रीम आणायला पाठवा.

फोटोचं तंत्र पीएचच करतो. रक्त धुतात, जीभ आत ढकलतात, पुढचं गवत उपटतात. तुम्ही जनावराच्या मागे चार पावलं सरकून बसायचं, म्हणजे ते मोठं दिसतं आणि तुमचं पोट लहान. कॅम्पवर लोक गाणी म्हणत तुम्हाला उचलून मिरवतात. बक्षिशी देताना आठवण ठेवा, झाडावर तुम्ही चढला नव्हता. मग कवटी उकळून तिची लांबी-रुंदी मोजतात, बेरीज रेकॉर्ड बुकात जाते. खांद्याच्या मांसात सुटं तरंगणारं एक बारीक हाड असतं, ते सोन्यात मढवून पेंडंट करतात. शुभ असतं. बिबट्याला कसं लाभलं हे विचारू नये.

कातडं भारतात आणायचा नाद सोडा. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनखात्याचा माणूस दिवाणखान्यात येऊन बसेल आणि चहा नको म्हणेल. अमेरिकेत स्थायिक असाल तर परवाने काढून नेता येतं. जगातल्या सगळ्यात जास्त शिकारीच्या ट्रॉफ्या तिकडेच जातात, तुमचीही जाईल. पेंढा भरून, फांदीवर बसवलेला, जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावा.

मग गणपतीनंतरच्या एखाद्या शनिवारी दहा-बारा मराठी कुटुंबं बोलवा. मटण करा, श्रीखंड करा. लोक वर बघतील, 'खरा आहे?' विचारतील, तुम्ही गोष्ट सुरू करा. आग्रह करून वाढा. सगळे खाली मान घालून जेवायला लागतील. आणि आता भिंतीवरचा तो डिमर सोडून द्या; हात आपोआप कळीकडे जातोय तुमचा.