टॉर्शन बार आवळला म्हणून पिकअप वाळवंटाला तयार होत नाही

जुन्या पिकअपवाल्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: "पुढच्या टॉर्शन बारचे बोल्ट आवळा, नाक दोन इंच वर घ्या, लांब शॉक बसवा. चाकाला चाल जास्त मिळते, बार कडक होतो, गाडी वाळवंटात पळायला तयार." टॉर्शन बार म्हणजे पुढच्या चाकांसाठी स्प्रिंगचं काम करणारा, पिळला जाणारा पोलादी दांडा; चाल म्हणजे चाक वर-खाली जितकं हलू शकतं ते अंतर. अर्ध्या तासाचं काम, एक पाना पुरतो, म्हणून ज्याला त्याला हेच सांगितलं जातं. मीही हे ऐकून केलं होतं. काही दिवसांत पुढचं चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा रबर बूट फाटला, आत वाळू शिरली आणि जॉइंट गेला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"चाल वाढते." नाही वाढत. चाक चेसिसला दोन आर्मनी (दांड्यांनी) जोडलेलं असतं. चाक वर कुठपर्यंत जाणार ते खालच्या आर्मचं बंप रबर ठरवतं. खाली कुठपर्यंत लोंबणार ते वरच्या आर्मचं रबर ठरवतं. बोल्ट आवळल्याने ही दोन्ही रबरं जागची हलत नाहीत. बदलतं ते इतकंच, की गाडी उभी असताना चाक या दोन टोकांच्या मध्ये कुठे आहे. समजा एकूण चाल १८० मिमी आहे, १०० वर आणि ८० खाली. नाक ५० मिमी उचललं की वर १५० होतात आणि खाली फक्त ३० उरतात. वाळवंटात नेमकी खालची चाल लागते. टेकाडामागून खळगा आला की चाकाने खाली जाऊन जमीन धरायला हवी. ते ३० मिमीवरच अडलं तर टायर हवेत राहतो, आणि हवेतल्या टायरने स्टिअरिंगही होत नाही, ब्रेकही लागत नाही.

पटत नसेल तर मोजून बघा. गाडी सपाट जागी उभी करा, हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावा. मग चेसिसखाली जॅक लावून चाक पूर्ण लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची खालची चाल. ज्यांनी बोल्ट खूप आवळलेत, त्यांच्या गाडीत जॅक जेमतेम दोन बोटं वर जातो आणि चाक जमीन सोडतं.

"बार कडक होतो." हा गैरसमज सगळ्यात खोल रुतलाय. टॉर्शन बारचा कडकपणा त्याच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो, बोल्टवर नाही. गाडीचं वजन तेच, म्हणून उभ्या गाडीत बारला बसलेला पीळही जवळपास तेवढाच राहतो. बोल्ट फक्त पिळाची सुरुवात कुठून होते ते सरकवतो. खरोखर कडक बार हवा असेल तर जाड बार लागतो, आणि तिथे हिशोब झपाट्याने बदलतो: कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ मिमीऐवजी २७ मिमीचा बार घातला, लांबी तीच ठेवली, तरी तो सुमारे ३६ टक्के कडक होतो.

मग आवळल्यावर गाडी कडक का लागते? कारण प्रत्येक लहान खड्ड्यात चाक खाली जाताना वरचा आर्म त्याच्या रबरावर आदळतो, आणि तोही जास्त जोराने, कारण पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत बारमध्ये आता पूर्वीपेक्षा जास्त पीळ शिल्लक असतो. तो "खट्" आवाज मजबुतीचा नाही. चाल संपल्याचा आहे.

"लांब शॉक टाकले की झालं." चाल रबरांनी अडवलेली असताना शॉकची जास्तीची लांबी खाली वापरली जातच नाही. उलट लांब शॉक बहुधा पूर्ण दाबल्यावरही लांबच असतो. मोठ्या आपटीत बंप रबर लागायच्या आधी शॉकच आतून टेकतो, आणि सगळा मार त्याच्या माउंटवर जातो. वाळवंटासाठी शॉकची लांबी दुय्यम. तो उष्णता किती पेलतो हे आधी बघा. आडव्या वळ्यांच्या रस्त्यावर शॉक सतत हलत असतो आणि ती सगळी हालचाल तेलात उष्णता बनून साठते. तेल पातळ होतं, साध्या शॉकमध्ये फेसाळतं, आणि मग स्प्रिंगला आवरणारं कुणी उरत नाही. म्हणूनच तेल जास्त मावणारे जाड शॉक, नायट्रोजनचा दाब आणि बाहेरची टाकी लागते.

सल्ल्यातला खरा भाग नाकारत नाही. बार म्हातारा होऊन नाक बसलं असेल, तर कंपनीच्या मूळ उंचीपर्यंत आवळणं योग्यच आहे. अशा गाड्यांत डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) चेसिसला टांगलेला असल्याने तोही उचलला जातो. पण त्याच कारणाने ड्राइव्ह शाफ्टचे कोन तीव्र होतात, बॉल जॉइंटवर ताण येतो, टो (चाकांचं आत-बाहेर वळणं) आणि कॅम्बर (चाकांचं वरून कलणं) सरकतात. उंची बदलल्यावर अलाइनमेंट टाळणं म्हणजे टायर फुकट घालवणं.

शिवाय हा सल्ला प्रत्येक पिकअपला लागूच होत नाही. फोर्डच्या १९६५ पासूनच्या ट्विन आय-बीमवाल्या (पुढची चाकं दोन आडव्या बीमवर असलेल्या) गाड्यांत पुढे कॉइल स्प्रिंग असते, टॉर्शन बार नसतो. तिथे नुसता स्पेसर घालून उंची वाढवली की चाकं वरून बाहेर कलतात.

चाल खरंच वाढवायची तर आर्म लांब करावे लागतात, टाय रॉड त्यांच्या प्रमाणात बदलावे लागतात, आणि चाक जास्त लोंबू नये म्हणून लिमिट स्ट्रॅप लावावे लागतात. ते मोठं काम आहे. त्याआधी बुश, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगच्या सांध्यांतला खेळ काढा, चेसिसला कुठे तडे आहेत का ते माउंटजवळ घासून बघा, आणि मग चांगले शॉक.

आणि निर्णयाआधी एक चाचणी करा. बंप रबराच्या तोंडाला मऊ मातीचा लिंबाएवढा गोळा चिकटवा आणि नेहमीच्या वेगाने खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारा. गोळा चपटा झाला असेल तर वरची चाल पूर्ण वापरली जातेय, तेव्हा बंप रबर आणि शॉककडे बघा. गोळा तसाच असेल आणि तरी गाडी आदळत असेल, तर चाल खाली संपतेय. मग पाना उलटा फिरवा.