मॅच नव्हती तर गेल्ता कायले?

सध्या गावात मला 'रमीवाला' म्हणतात. पत्त्यांतला गुलाम कोणता अन् राजा कोणता हेसुद्धा मला दोनदा पाहिल्याशिवाय कळत नाही, पण मी कतारला जाऊन आलो ना, म्हणून. संबंध काय ते पुढं येईलच.

माझा चुलतभाऊ दोह्याला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. पासपोर्ट, तिकीट, हॉटेलचं बुकिंग, नागपूरहून विमान, हे सगळं जसं सगळ्यांचं होतं तसं झालं, कानात दडे बसले, खिडकीची सीट मिळाली नाही, विषय संपला. तिकडच्या इमिग्रेशनवाल्यानं तर तोंडाकडं पाहून शिक्का मारला. माझी खरी चौकशी झाली ती परत आल्यावर, आमच्या पानठेल्यावर.

परवा संध्याकाळी ठेलेवाला पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना टाकून खर्रा घोटत होता आणि बाकड्यावर कोतवाल काकाजी बसले होते. म्हणजे रिटायर कोतवाल. उभी नोकरी तलाठ्याच्या मागं फिरून नोटिसा वाटण्यात आणि पंचनाम्यावर अंगठे घेण्यात गेली. काकाजी रिटायर झाले, चौकशी करायची सवय काही झाली नाही. मी रिचार्जसाठी थांबलो होतो, सापडलो.

"ये बे. कोन्या देशात गेल्ता म्हनते तू?"

"कतारले, काकाजी."

"केवढाक आहे?"

आता 2022 च्या वर्ल्ड कपपासून कतार मला पाठ आहे. 8 स्टेडियम, 64 मॅच, क्षेत्रफळ साडेअकरा हजार चौरस किलोमीटर. सांगून टाकलं. काकाजीनं डोळे मिटले. महसूल खात्यातला माणूस, क्षेत्रफळ ऐकलं की हिशोब लावल्याशिवाय राहत नाही.

"आपला यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजाराच्या वर आहे. म्हनजे हा तुहा देश आपल्या जिल्ह्यात बसून वरतं दोन तालुके उरते. अन् तेवढ्यासाठी तू इमानात बसून गेल्ता?"

ठेल्यावरचे सगळे हसले. खर्रा घोटणारा हातसुद्धा थांबला. आणि राग याचा की हिशोब बरोबर आहे, मी घरी येऊन मोबाईलवर वजाबाकी करून पाहिली, खरंच दोन तालुके उरतात.

"बरं, काय पाह्यलं तिथी?"

"लुसैल स्टेडियम पाहिलं. वर्ल्ड कपची फायनल झाली ना, मेस्सीवाली, तेच. त्या दिवशी 88 हजार 966 लोक होते आत."

"अन् तू गेल्ता तवा किती होते?"

"मी गेलो तेव्हा मॅच नव्हती."

"मंग आत काय चालू होतं?"

"आत नाही जाऊ दिलं. बंद होतं. बाहेरून पाहिलं."

काकाजीनं खर्ऱ्याची चिमूट तोंडाजवळ नेली होती, ती परत पन्नीत ठेवली. रस्त्यानं बैल घेऊन जाणाऱ्या माणसाला हाक मारून थांबवलं, बसायला लावलं, म्हणाले, "ऐक आता, हा काय म्हनते ते." मला परत पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर दोघंही माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिले, मग काकाजी एकदम हळू आवाजात, म्हणजे दुःखाच्या घरी बोलतात तसं, बोलले.

"म्हनजे लग्न नसताना मंगल कार्यालय पाहून आला तू. तेही भाईरून. आबे मॅच नव्हती तर गेल्ता कायले?"

आता हे यांना कसं सांगायचं. 18 डिसेंबर 2022 ला आम्ही सगळे पोट्टे एका घरी टीव्हीसमोर बसलो होतो, अर्जेंटिना 2-0 पुढं, ऐंशीवं मिनिट लागलं आणि डीपीवरचा डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला. गाव अंधार. टॉवरची बॅटरी आधीच मेलेली, म्हणून मोबाईलही गेला. लाईनमन फोन उचलेना. शेवटी गावातलाच एक हिकमती माणूस बांबू घेऊन आला आणि मी डीपीखाली टॉर्च धरून उभा, तो म्हणे इकडं दाखव, मी दाखवे, तो म्हणे डोळ्यात नको मारू. लाइट आली तेव्हा कप देण्याआधी मेस्सीच्या अंगावर तो काळा अरबी झगा चढवत होते. फ्रान्सच्या एम्बाप्पेचे दोन मिनिटांतले दोन गोल, 108 व्या मिनिटाला मेस्सीचा, 118 व्याला परत एम्बाप्पे, शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं पायानं अडवलेला बॉल, पेनल्टीवर 4-2, लोक ज्या मॅचला आजवरची सगळ्यात भारी फायनल म्हणतात तिचं सगळं भारी मी टॉर्च धरण्यात घालवलं. नंतर हायलाइट पाहिले, पण निकाल माहीत असताना पोटात गोळा येत नाही ना राजेहो. म्हणून जायचं होतं मला तिथं. नुसतं उभं राहायला. मेट्रोतून उतरलो, समोर ते सोनेरी, जाळीजाळीचं धूड, गेटवर एक सिक्युरिटीवाला, त्यानं हातानंच नाही म्हटलं, मी म्हटलं बरं, आणि कुंपणाला हात लावून उभा राहिलो. भावानं फोटो काढला, त्यात स्टेडियम कमी आणि माझं बोट जास्त आहे, पण असो.

ही फीलिंग पानठेल्यावर सांगता येत नाही. म्हणून मी विषय बदलायला म्हटलं, "अजून एक स्टेडियम आहे तिथं, जहाजावरच्या डब्यांचं. 974 डबे लावून बांधलं. मॅच झाल्या की खोलून नेता येईल असं."

"म्हनजे खोललं तर तेही दिसलं नसतं तुले."

काय बोलणार. मी पोरांसाठी आणलेला खजूर काढला, एक पाकीट उघडून पुढं केलं. काकाजीनं चार खाल्ले, बिया मोजून कागदावर ठेवल्या आणि म्हणाले, रमजानमध्ये यवतमाळात यापेक्षा मऊ भेटते. पाचवा उचलला आणि मग खरी चौकशी सुरू झाली.

"पैसे कोठून आनले?"

"जिनिंगमध्ये हिशोब लिहितो न मी काकाजी. जमवले. अर्धं तिकीट भावानं काढलं."

"तू त्या स्लॅबवर रात्रीबेरात्री मोबाईल घेऊन गेम खेळते म्हनते."

"तो फुटबॉलचा गेम आहे."

"सरकारनं बंद केले न ते गेम? पेपरात आल्तं."

झालं. 2025 च्या ऑगस्टात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला, तो रमी-बिमीवाल्यांसाठी. मी खेळतो एफसी मोबाईल, ज्याला लोक अजून फिफाच म्हणतात. त्यात पैसा मिळत नाही, उलट जातो. आणि स्लॅबवर मी हौसेनं नाही जात, घरात नेटवर्कची एक काडी येते. पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, इतका की मी पास देतो तो दोन सेकंदांनी जातो, तोवर समोरचा, कुठं व्हिएतनाममध्ये बसलेला असेल, माझ्या गोलात बॉल टाकून नाचत असतो. शेजारची काकू आईला म्हणाली, पोट्टं रात्री एकटंच हातवारे करते, कोणाले तरी दाखवा. हे सगळं मी काकाजींना मुद्देसूद सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठेलेवाल्याकडं वळून म्हणाले, "रमीच आहे." दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीपर्यंत गेलं हे.

बरं, खऱ्या मैदानावर खेळावं म्हटलं तर मैदान कुठं आहे. शाळेच्या ग्राउंडवर अर्ध्या भागात पाण्याच्या योजनेचे पाइप येऊन पडलेत, आता त्यांच्यात सापाचं घर झालं, उरलेल्या अर्ध्यात टेनिस बॉल क्रिकेट. आम्ही गोलपोस्ट म्हणून चार बांबू गाडले होते, ते गणपतीच्या मांडवासाठी नेले, गणपती शिरले, बांबू नाही आले. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यातून केवढं काम उभं राहिलं, आणि इथं आमच्याकडं अकरा सोडा, पाच पोट्टे जमत नाहीत. जे जमायचे ते पुण्याला कंपनीत लागले. हिवाळ्यात तर मी युरोपातली चॅम्पियन्स लीग शेतात पाहतो, कारण पंपाची लाइन रात्री, हरभऱ्याला ओलित करायचं रात्री, आणि मॅचही रात्री दीडला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे. कोणी गोल मारला तर ओरडायचं नाही, नाहीतर बाजूच्या वावरातला माणूस डुक्कर आलं समजून काठी घेऊन पळत येतो. आला होता एकदा. जिल्ह्याहून लहान देश 8 स्टेडियम बांधतो आणि आम्हाला दिवसा लाइट मागायला मोर्चा काढावा लागतो, यावर मात्र पानठेल्यावर कोणी पंचनामा करत नाही.

मी पाकीट उचलून निघालो. काकाजी काठी टेकत मागं आले. वळणावर, ठेल्यावरून दिसणार नाही अशा जागी त्यांनी हाक मारली. आवाज एकदम वेगळा.

"बापू, तुया भावाले म्हन न, माया नातवाले कोठी लावून दे म्हना तिथी. कायचंही काम असो."

"शिक्षण काय त्याचं?"

"धाव्वीत बसला होता."

बसला होता म्हणजे नापास. म्हणजे पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'आधी सरकारची परवानगी लागते' असा शेरा, येणार, कतारला कामासाठी जायचं तर इमिग्रेशन क्लिअरन्स काढावा लागणार, एजंट मध्ये घुसणार. मी हे सगळं सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला "बरं, बरं" म्हणत होते. अर्ध्या तासापूर्वी ज्या देशाला त्यांनी आपल्या जिल्ह्यात बसवून दोन तालुके उरवले होते, त्या देशात आता नातवाला झाडू मारायलाही पाठवायची तयारी. मला टोमणा मारायचा होता, जिभेवर आलाही होता, की काकाजी, जिल्ह्याहून लहान देशात काय ठेवलंय. नाही मारला. मीच उद्या जिनिंग बंद झालं तर भावालाच फोन लावणार आहे. उरलेला खजूर त्यांच्या हातात दिला, म्हटलं नंबर द्या त्याचा, बोलतो.

रात्री नातवाला फोन केला. मागं गोळीबाराचा आवाज येत होता, पोट्टं गेममध्ये होतं. मी पासपोर्टचं सांगितलं, ईसीआरचं सांगितलं, उन्हाळ्यात तिकडं सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उन्हातल्या कामाला बंदी असते तेही सांगितलं, म्हटलं धाव्वीचा फॉर्म परत भर आधी. तो फक्त हुंकार देत होता. मग गोळीबार थांबला, बहुतेक मेला असावा, आणि त्यानं पहिल्यांदाच नीट लक्ष देऊन विचारलं,

"दादा, तिथी पिंग किती येते?"

अडतीस, मी म्हटलं. हॉटेलच्या वायफायवर उतरल्या उतरल्या चेक केला होता.

"अडतीस? मंग पासपोर्टचा फॉर्म कोठी भेटते?"